चाबी तुझ्याच पदराला बांध

बघ, आधी एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे पुढे तुझा हिरमोड नको. सायकल शिकलीस म्हणून तुझ्यावर जे झालं ते पुसलं जाणार नाही. रात्री दचकून उठणं लगेच थांबणार नाही आणि कोर्टातली पेशीही लवकर लागणार नाही. तरी मी तुझ्या मागे लागलेय, की अंगणात भिंतीला टेकवून ठेवलेली ती सायकल बाहेर काढ. का, ते सांगते. घाई नाही. चहा ठेव आणि निवांत बस.

तू माहेरी आलीस तेव्हापासून तुझं सगळं दुसऱ्याच्या सवडीवर चाललंय, लक्षात आलंय का तुझ्या? भावाला वेळ मिळेल तेव्हा दवाखाना, वहिनीला गुजरीत जायचं असेल तेव्हा बाजार. वकिलाकडे जायचं तर कोणाची तरी मोटारसायकल रिकामी लागते, आणि कोणाच्या मागे बसून गेलीस की चौकाला आठवडाभराचा विषय. सासरचं तर बोलायलाच नको. तिथे दूध आणायला निघालीस तरी घड्याळ धरून बसणारा माणूस होता. तिथला धाक आणि इथली माया यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, मान्य. पण 'मी जाऊन येते' एवढं साधं वाक्य तुला तिथेही म्हणता येत नव्हतं आणि अजून इथेही म्हणता येत नाही. मला ते तुझ्या तोंडून ऐकायचंय.

आता म्हणशील, एस.टी. आहे की. आहे ना! मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, त्याचं मला कौतुकच आहे. पण आपल्या फाट्यावर एस.टी. तिच्या मर्जीने येते. काली-पिली भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली की तुझ्या मांडीवर दुसऱ्याची पिशवी आणि खांद्यावर तिसऱ्याचा दंड. अनोळखी अंगाचा स्पर्श तुला सध्या किती जड जातो, ते तू बोलली नाहीस तरी मला दिसतं गं. नागपूरची छोटी लाईन तर २०१९ साली रुंदीकरणासाठी बंद झाली. स्कूटी घ्यायची तर पेट्रोल आलं, लायसन आलं, हप्ते आले, आणि हप्ते भरणाऱ्याचा हक्कही आला. सायकलला यातलं काही लागत नाही. हवा लागते, ती फुकट असते.

आणि सायकल विकत घे असं मी म्हणतच नाहीये. आपल्याकडे घराघरात एक सायकल धूळ खात पडलेली असते. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला सायकली मिळाल्या. मुलगी बारावी झाली, कॉलेजला गेली, लग्न करून गेली, की ती सायकल गोठ्यात नाहीतर माडीवर. तुझ्या भाचीची आहेच की. तिला विचार, 'ही मी वापरू का?' ती नाही म्हणणार नाही. सरकारने ती मुलीची गळती थांबावी म्हणून दिली होती, आता तुझी थांबू दे.

खरं सांगू का, तुला सायकलची भीती नाही, लोकांची आहे. 'नवऱ्याला सोडून आली आणि आता सायकलवर हिंडते.' हे वाक्य कोणीतरी म्हणणारच. मी तुला खोटं आश्वासन देत नाही. पण याच्यावरचा उपाय जुना आहे, आणि तो एकटीने करायचा नसतो. तमिळनाडूत पुदुक्कोट्टई म्हणून जिल्हा आहे, आपल्यासारखाच मागास म्हणून हिणवला गेलेला. १९९१-९२ च्या सुमाराला तिथे साक्षरतेच्या चळवळीबरोबर बायकांना सायकल शिकवायचं ठरलं. जिल्हाधिकारी होत्या शीला राणी चुंकथ. शेतमजूर, खडी फोडणाऱ्या, अंगणवाडीच्या बाया, सगळ्या शिकल्या. लाखभर बायका! पी. साईनाथांनी त्यावर लिहिलंय. त्यातली मला आवडलेली गंमत ऐक. लेडीज सायकली कमी पडल्या तेव्हा बायकांनी पुरुषांच्या दांडीवाल्या सायकली घेतल्या, आणि कितीकींना त्याच बऱ्या वाटल्या, कारण दांडीवर पोर बसवता येतं. तिथेही लोक अचकट-विचकट बोललेच. पण एकीला बोलणं सोपं असतं, रस्ताभर बायका निघाल्या की बोलणाऱ्याचीच पंचाईत होते.

लांब कशाला जायचं? आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या बायका २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरला अधिवेशनावर पायी चालत गेल्या होत्या, दारूबंदी मागायला. श्रमिक एल्गार संघटनेने तो मोर्चा काढला होता. २०१५ च्या एप्रिलपासून बंदी लागली, २०२१ मध्ये उठली. बंदीने काय साधलं यावर तुझा भाऊ आणि माझे यजमान अजून भांडतात, त्यांना भांडू दे. मला एवढंच दिसतं, की घरात मार खाणाऱ्या बाया चारचौघींत रस्त्यावर उतरल्या तेव्हा त्यांना कोणी 'हिंडते' म्हणालं नाही. म्हणून तू बचत गटातल्या दोघी-तिघींना बरोबर घे. कोणाला शिकायची आहे विचार. तुझ्यामागे एक तरी 'मलाही शिकव' म्हणत येईल, आणि कदाचित तीही तुझ्याच वाटेवरची निघेल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातल्या लग्न झालेल्या साधारण चारातल्या एकीने नवऱ्याकडून मारहाण किंवा जबरदस्ती झाल्याचं सांगितलं. आणि अख्ख्या देशात असं सोसलेल्या शंभर बायकांपैकी मदत मागितली ती अवघ्या १४ जणींनी. तू त्या चौदांतली आहेस, कळलं? स्वतःला भित्री म्हणायचं आता बंद कर.

आता जरा कठीण बोलू या. दार लोटून घे.

तू मला एकदा विचारलं होतंस, 'ताई, मी तेव्हा ओरडले का नाही? हात का उचलला नाही?' हा प्रश्न तुझ्या मनात कोणी पेरला माहीत आहे? आपली वडसा गाडी जाते ना, ब्रह्मपुरीवरून, त्याच वडसा-देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ च्या मार्चमध्ये एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. तेव्हा गडचिरोली जिल्हाही झाला नव्हता, सगळा चंद्रपूर जिल्हाच. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि पोलीस सुटले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केल्याचं दिसत नाही, म्हणजे तिची संमती असणार, असा तो हिशेब. त्यावर १९७९ साली उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार या चौघा कायदेतज्ज्ञांनी न्यायालयाला उघड पत्र लिहिलं, की भीतीने गप्प राहणं आणि राजीखुशीने हो म्हणणं यांत फरक आहे. देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीत अत्याचार झाला आणि बाई म्हणाली माझी संमती नव्हती, तर न्यायालयाने तेच धरून चालायचं, असं ठरलं. अशा बाईचं नाव छापायला बंदीही त्याच दुरुस्तीने आली. त्या मुलीचं नाव कायद्याच्या सगळ्या पुस्तकांत आहे, पण मी घेत नाही.

म्हणजे बघ, तू स्वतःला जो प्रश्न विचारतेस तो एकेकाळी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने विचारला होता आणि तो चुकीचा होता. भीती पराकोटीला गेली की अंग गोठतं. आवाज फुटत नाही, हात उचलत नाही. तू ठरवून गप्प बसली नाहीस गं, तुझ्या अंगानेच तुला जगवायला तसं केलं.

पण त्यानंतर काय होतं, तर बाईचा आपल्या अंगावरचा भरवसाच उडतो. हे अंग ऐन वेळी आपलं ऐकत नाही, असं वाटत राहतं. नुसतं बोलून ते जात नाही, म्हणून मी सायकल सायकल करतेय. अमेरिकेत २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जुन्या अत्याचाराचा आघात घेऊन जगणाऱ्या, उपचारांनी पुरता गुण न आलेल्या ६४ बायका होत्या. निम्म्यांना दहा आठवडे सावकाश, जबरदस्ती न करता योग शिकवला, बाकीच्यांना आरोग्याची माहिती दिली. शेवटी योगवाल्यांतल्या ५२ टक्के जणी आघातातून आलेल्या आजाराच्या निदानातून बाहेर आल्या, दुसऱ्या गटातल्या २१ टक्के. आता योग वेगळा आणि सायकल वेगळी, एवढं मलाही कळतं. पण मला त्यात पटलं ते हे, की कोणी हात न लावता, आपल्या मर्जीने आपलं अंग हलवायचं. पायडल मारलं की चाक फिरतं, ब्रेक दाबला की थांबतं. डावीकडे वळायचं म्हटलं की डावीकडेच वळतं. तुझ्या गेल्या काही वर्षांत तू म्हटलं आणि तसंच झालं, असं कितीदा झालं सांग बरं?

बरं, आता शिकायचं कसं. तू लहानपणी कैची मारून शिकली असशील तर अंग विसरत नाही, दोन दिवसांत परत येतं. नसशील तर असं कर. सीट इतकी खाली घे की बसल्यावर दोन्ही पाय पूर्ण जमिनीला टेकतील. सायकलवाल्याकडून दोन्ही पायडल काढून घे. आता नुसतं बसून पायाने जमीन ढकलत जा, पोरं करतात तशी. तोल सांभाळता आला की पायडल बसव. मागून सीट धरून पळणारा माणूस लागतच नाही बघ, आणि तुला मागे कोणी उभं राहिलेलं चालत नाही हे मला ठाऊक आहे. कोणी शिकवायला आलंच तर समोर उभं राहू दे आणि अंगाला हात लावण्याआधी विचारू दे. हे तू सांगायला लाजू नको.

जागा मोकळी बघ. शाळा सुटल्यावरचं मैदान चालेल, किंवा धान निघाल्यावरची कोरडी, कडक झालेली बांधी. रोवणीच्या दिवसांत नको, चिखलात चाक रुतून बसतं. आणि राईस मिलच्या आवारात तर अजिबात नको! मी तिथेच शिकायला गेले होते. ब्रेक कुठला हे ऐन वेळी आठवेना, तशी सरळ कोंड्याच्या ढिगात. नाकातोंडात कोंडा, डोक्यात कोंडा, आणि मिलवाले काका गंभीरपणे विचारतात, 'बाई, पोतं भरून देऊ का?' अजून रस्त्यात दिसले की हसतात मेले.

साडी नेसत असशील तर चेनकव्हर आणि मागच्या चाकाला जाळी हवीच. ओढणी मागे गाठ मारून, पदर खोचून. यात हयगय केलेली मी खपवून घेणार नाही.

अंगाचंही बोलते, कारण हे तुला दुसरं कोणी विचारणार नाही. मनगट, खांदा, कंबर मारामुळे दुखावली असेल तर आधी डॉक्टरला दाखव. डोक्याला मार लागलाय आणि अजून चक्कर येते, तर सायकल थांबव, दवाखाना आधी. नवऱ्याने कधी गळा दाबला होता का? दाबला असेल आणि आवाज बसतोय, गिळताना दुखतंय, तर वरून खूण दिसत नसली तरी तपासून घे आणि डॉक्टरला खरं कारण सांग. गळा दाबणारा माणूस पुढे जिवावर उठण्याचा धोका फार मोठा असतो. ही गोष्ट वकिलाला आणि पोलिसांनाही सांगायचीच, 'थोडं दाबलं होतं' म्हणून गिळायची नाही. आणि सीटवर बसायलाच त्रास होत असेल, दुखतं म्हणून किंवा नको ते आठवतं म्हणून, तर मुळीच जबरदस्ती नको. थोडे दिवस सायकल हातात धरून नुसती चालव. रुंद, मऊ सीट मिळते. तिचं टोक किंचित खाली झुकवून घेतलं की पुष्कळ फरक पडतो.

चालवता चालवता मध्येच छातीत धडधडायला लागेल, तेही सांगून ठेवते म्हणजे घाबरणार नाहीस. मागून मोटारसायकलचा आवाज येईल, तो त्याच्या गाडीसारखा वाटेल आणि हातपाय गार पडतील. अशा वेळी ब्रेक दाब, बाजूला घे, दोन्ही पाय जमिनीला टेकव. हँडल घट्ट धर. समोर काय काय दिसतं ते मोठ्याने म्हण: मोहाचं झाड, बोडी, बगळा, विजेचा खांब. श्वास घेतेस त्यापेक्षा लांब सोड. थोड्या वेळाने ओसरतं. नाही ओसरलं तर सायकल हातात धरून घरी ये, त्यात कमीपणा काही नाही. रोजचंच व्हायला लागलं, झोप उडाली, जीव नकोसा वाटायला लागला, तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानसचा फुकट नंबर आहे. तिथे मराठीत बोलता येतं.

पंक्चरही तूच काढायचं बरं का. सायकल शिकून पंक्चरसाठी चौकात उभी राहिलीस तर माझी मेहनत वाया. सोल्यूशनची ट्यूब, ठिगळं, काचकागद आणि टायर काढायच्या दोन पट्ट्या, एवढं एका डब्यात ठेव. चाक न काढताच टायरची एक बाजू उचकटून ट्यूब बाहेर ओढ. हवा भर आणि घमेल्यात पाणी घेऊन ट्यूब थोडी थोडी बुडवत जा. बुडबुडे निघाले की ते भोक. पुसून कोरडं कर, काचकागदाने घास, सोल्यूशन लाव आणि थांब. इथेच सगळ्या घाई करतात. सोल्यूशन हाताला चिकटेनासं झालं की मगच ठिगळ दाब, नाहीतर ते दोन दिवसांत सुटतं. टायर परत बसवण्याआधी आतून बोट फिरव, बाभळीचा काटा तिथेच बसलेला असतो. पहिल्यांदा तू हे एकटीने करशील ना, तेव्हा हात काळे होतील आणि तुला उगाच हसू येईल. बघ, येतं की नाही.

आता वाघाचं. हसू नको, मी ताई असले तरी ब्रह्मपुरी वनविभागातली ताई आहे. घोडाझरीच्या बाजूचा, जंगलातून जाणारा रस्ता असेल तर पहाटे आणि तिन्हीसांजेला जायचं नाही. ऊन वर आल्यावर, दोघी-तिघी मिळून, वळणावर घंटी वाजवत. मोहफुलं दिसली म्हणून रस्त्यात एकटी उतरून वाकायचं नाही, वाकलेल्या माणसाला धोका जास्त. पण वाघासाठी एवढ्या खबरदाऱ्या घेणारे आपण, मारणाऱ्या नवऱ्याबाबत 'येईल ताळ्यावर' म्हणून बसतो, याची मला चीड येते.

म्हणून त्याच्यासाठीही खबरदारी ऐक. बाई घर सोडून येते त्यानंतरचे दिवस सगळ्यात धोक्याचे असतात. रोज त्याच वेळेला त्याच रस्त्याने जाऊ नको. कुठे चाललीस आणि कधी परतणार ते एका भरवशाच्या बाईला सांगून जा. परवानगी म्हणून नव्हे गं, माहिती म्हणून. फोनवरचं लोकेशन बंद आहे का बघून घे. वाटेवरची दोन-तीन घरं ठरवून ठेव, जिथे सायकल टाकून सरळ आत शिरता येईल. आधारकार्ड, बँकेचं पुस्तक, दवाखान्याचे कागद यांच्या झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत घालून दुसऱ्याच्या घरी ठेव. तो रस्त्यात आडवा आला तर सायकलवरून पळायची शर्यत लावू नको, मोटारसायकलपुढे तू हरशील. माणसांत शिर, ओरड, ११२ लाव. सतत पाठलाग करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, त्याने हात लावेपर्यंत थांबावं लागत नाही.

कायद्याचं फार लांबवत नाही, पण दोन गोष्टी तुला कोणीच नीट सांगितलेल्या दिसत नाहीत. एक, घरगुती हिंसाचाराचा २००५ चा कायदा. त्यात तू सध्या जिथे राहतेस तिथल्या न्यायालयात अर्ज करता येतो. माहेरी तात्पुरती राहत असलीस तरी चालतं, सासरच्या गावी जायची गरज नाही. अर्जासाठी संरक्षण अधिकारी असतो. कुठे बसतो ते अंगणवाडी ताईला विचार, तिला माहीत असतं. दुसरी, वकिलाच्या पैशांची. विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील फुकट मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. १५१०० ला फोन कर. खावटी, राहायची जागा, मुलाचा तात्पुरता ताबा, नवऱ्याने जवळ यायचं नाही असा हुकूम, हे सगळं घरगुती हिंसाचाराच्या त्या एकाच अर्जात मागता येतं. चंद्रपूरला सखी वन स्टॉप सेंटर आहे. डॉक्टर, पोलीस, वकील, समुपदेशन सगळं एकाच छताखाली मिळतं, आणि वेळ आली तर पाच दिवसांपर्यंत राहायचीही सोय असते. नागभीडहून चांदा फोर्टची गाडी आहेच.

आणि तंटामुक्तीवाले मिटवायला येतील. चहा पाज, ऐकून घे, पण दबावाखाली सही करू नको. गावातला बांधाचा तंटा आणि तुझ्या पाठीवरचे वळ एका वहीत लिहायचे नसतात, हे माझं स्पष्ट मत आहे. अध्यक्षांना वाईट वाटलं तर माझं नाव सांग.

सायकलचंही कायद्यात येतं, गंमत बघ. तिची पावती तुझ्या नावाची ठेव, किंवा भाचीकडून आली असेल तर तसं दोन ओळींत लिहून घे. कोणी मुद्दाम हवा सोडली, टायर कापलं, सायकल लपवली, तर तारीख घालून वहीत लिही आणि फोटो काढ. उद्या नवऱ्याच्या घरच्यांनी ती नेली किंवा मोडली, तर तुझी चीजवस्तू हिरावणं हाही त्या कायद्याने छळच आहे, अर्जात लिहिता येतो. कुलूप चांगलं घे. आणि चाबी खुंटीला नको, देव्हाऱ्याजवळ नको, वहिनीच्या डब्यात तर नकोच. तुझ्याच पदराला बांध.

सुरुवात कुठून करायची म्हणतेस? लांब नको. रेल्वे स्टेशनपर्यंत जा आणि परत ये. पुढच्या वेळी गुजरीत जा, तुला आवडणारी भाजी आण. घरात सगळ्यांना आवडणारी नको, तुला आवडणारी. मग दवाखाना, मग बँक, मग तो शिवणक्लास, ज्याची चौकशी करून तू घाबरून गप्प बसलीस. जमेल तेव्हा सातबहिणीच्या पायथ्यापर्यंत आपण सगळ्या मिळून जाऊ. माझ्या गुडघ्यांमुळे मी मागे राहीन, तू थांबू नको. एखाद्या दिवशी नाही वाटलं बाहेर पडावंसं, तर नको पडू. दुसऱ्या दिवशी मी विचारायला येणार नाही, तिसऱ्या दिवशी मात्र नक्की येईन.

पोराला मागे बसवायची घाई नको. आधी रिकाम्या कॅरिअरवर, मग पाच किलो तांदूळ बांधून तोल जमतो का बघ. तांदूळ पडला तर वेचता येतो. आणि पोराचे पाय चाकात जाणार नाहीत अशी सोय केल्याशिवाय त्याला बसवायचं नाही म्हणजे नाही.

चल, चहा संपव. उद्या सकाळी सायकलवाल्याकडून ब्रेकचे गुटके बदलून घे आणि चेनला तेल घाल. आणि जायच्या आधी तीन नंबर मला तोंडपाठ म्हणून दाखव, फोनमध्ये न बघता: पोलीस ११२, महिला हेल्पलाइन १८१, फुकट वकील १५१००. हं, म्हण.